केद्राचा चीक, केद्राचंच तेल

धाड्! पायाखालची जमीन हादरते. पुरुषभर उंचीच्या दांड्याला बसवलेला जाडजूड ओंडका, हा इथला हातोडा. त्याला 'कोलोत' म्हणतात. दोघं जण दांड्याचं टोक झाडाच्या मुळाशी टेकवतात, ओंडका मागे ओढतात आणि सगळा भार टाकून बुंध्यावर सोडतात. हादरा खोडातून वर चढत जातो. क्षणभर काहीच होत नाही. मग कुणीतरी ओरडतं, सगळे डोकी झाकून अंग चोरतात, आणि शंभर फुटांवरून शंकूंचा पाऊस सुरू होतो. ठप्, ठप्, ठपाठप! मुठीएवढे, जड, तपकिरी शंकू शेवाळात रुतून बसतात. एक माझ्या बुटाशेजारी आदळला, त्याला उचललं, आणि नाकाशी नेण्याआधीच वास आला. लिंबाच्या सालीचा, कापराचा, पावसात भिजलेल्या लाकडाचा, तिन्हींचा एकदम. छातीत खोलवर जाणारा.

सैबेरियाच्या दक्षिण टोकाला, रशियातल्या अल्ताय प्रजासत्ताकात, तेलेत्स्कोये सरोवराकाठच्या इओगाच गावामागच्या जंगलात मी उभी होते. सप्टेंबरचा मध्य. बर्चची झाडं पिवळीधमक झालेली आणि त्यांच्या मागे केद्र झाडांची काळपट हिरवी, किंचित निळसर भिंत. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमाराला झेंडूचं शेत पाहावं, तो पिवळा रंग इथे डोंगरच्या डोंगर व्यापून होता.

सरोवराबद्दल थोडं सांगायलाच हवं. लांबी ७८ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाचेक, आणि खोली ३२५ मीटर! तापोळ्याला उभं राहून ज्यांनी कोयनेचा शिवसागर पाहिलाय त्यांनी ते फाटे फुटलेलं पाणी डोळ्यांपुढे आणावं. मग त्याचे फाटे पुसून टाकावेत, एकच लांबलचक चीर ठेवावी, दोन्ही काठांचे डोंगर कळसूबाईहून उंच करावेत आणि त्यांच्यावर पायथ्यापासून घनदाट जंगल पांघरावं. या पाण्यातून बिया नदी बाहेर पडते, पुढे कातून नदीला भेटते, आणि दोघींची मिळून ओब होते, ती थेट आर्क्टिक समुद्रापर्यंत जाते. आपल्या बहुतेक नद्या पूर्वेला नाहीतर पश्चिमेला जातात. उत्तरेकडे, बर्फाकडे वाहत जाणारी नदी मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तिच्या उगमाशी उभं राहून ते पटायलाच मला वेळ लागला.

आणि हा केद्र. रशियन लोक त्याला केद्र म्हणतात, पण आपल्या हिमालयातला देवदार वेगळा. हा खरं तर पाइनच, आपण सुक्या मेव्यात खातो त्या चिलगोज्याचा सैबेरियातला भाऊबंद. सुयांसारखी पानं पाच-पाचच्या जुडग्यात. उंची पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत. वय पाचशे वर्षांपर्यंत सहज! म्हणजे ज्या झाडावर आत्ता हा हातोडा आदळला ते शिवरायांच्या जन्माच्या वेळी कदाचित भर तारुण्यात असेल. दाट जंगलात त्याला बी धरायलाच पन्नासेक वर्षं लागतात, आणि एकदा धरलेला शंकू पिकायला वर्षाहून जास्त काळ. काजूच्या बागेत चौथ्या-पाचव्या वर्षी बोंडं मोजायला लागणाऱ्या आम्हा कोकणातल्या लोकांना हा हिशेब ऐकूनच गप्प व्हायला होतं.

त्यात हे जंगल लावतं कोण, तर एक पक्षी. केद्रोव्का नावाचा, कावळ्याच्या जातीतला, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला. हिवाळ्याच्या बेगमीसाठी तो हजारो बिया शेवाळाखाली पुरून ठेवतो. बहुतेक त्याला बरोबर सापडतात. ज्या राहून जातात त्यांची झाडं होतात. आम्ही शंकू वेचत होतो तेव्हा तो वरून आमच्यावर असा काही कर्कश ओरडत होता की त्याचं घर लुटलं जातंय असं वाटावं. एका अर्थी ते खरंही होतं.

मी ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजी तुबालार. अल्तायच्या उत्तरेकडच्या केद्रजंगलात राहणारी ही छोटीशी तुर्किक भाषक जमात. आजींचा चेहरा रुंद, गाल थंडीनं लाल झालेले, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. जंगलात शिरण्याआधी त्यांनी एक छोटी शेकोटी पेटवली होती, तिच्यात दुधाचे थेंब आणि पावाचा तुकडा टाकला होता. इथल्या डोंगराला, जंगलाला, पाण्याला प्रत्येकी एक धनी असतो, त्याला 'ईझी' म्हणतात. त्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, लागेल त्याहून जास्त घ्यायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. खिंडीतल्या झाडांना पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. मला आमच्या संगमेश्वराकडचा राखणदार आठवला. त्याच्या नावानं देवराईच्या तोंडाशी नारळ ठेवल्याशिवाय आत पाऊल न टाकणारी माणसं आठवली. इतक्या दूर, इतक्या थंड मुलखात, तीच रीत!

दुपारपर्यंत माझे हात काळे झाले. शंकूंना लागलेला चीक बोटांना चिकटला, त्याच्यावर माती बसली, शेवाळ बसलं, बोटं एकमेकांना चिकटायला लागली. मी नदीवर जाऊन साबण घासला. काही नाही. वाळूनं घासलं. तरीही नाही. आजी काठावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी काही न बोलता माझ्या ओंजळीत एका बाटलीतून चमचाभर तेल ओतलं. केद्राच्याच बियांचं, फिकट सोनेरी. "चोळ," त्या म्हणाल्या. आमची दुभाषी, गोर्नो-अल्तायस्कच्या विद्यापीठात शिकणारी मुलगी, तिनं सांगण्याची गरजच पडली नाही. मी चोळलं. आणि तो हट्टी काळा थर पाहता पाहता सुटला, तेलात विरघळला, तळवा गुलाबी झाला! तळहाताला सकाळपासून दोन ओरखडे होते, ते झोंबायचेही थांबले.

राळ पाण्याला दाद देत नाही. तेलात मात्र ती मनापासून मिसळते. या एवढ्याशा गोष्टीवर इथलं सगळं घरगुती औषध उभं आहे.

झाडाला चीक का येतो हे मी शाळेत कधीतरी वाचलं असेल, पण ते समजलं इथे. कोलोतच्या घावानं बुंध्यावर जुन्या जखमा होत्या, कुठे साल सोललेली, कुठे आतलं लाकूड उघडं. प्रत्येक जखमेच्या वरच्या कडेपासून मधाच्या रंगाचा ओघळ उतरलेला. ताजा असेल तिथे पारदर्शक, बोटाला लावला तर तार धरणारा. जुना असेल तिथे पांढुरका, खडीसाखरेसारखा कणीदार झालेला. केद्र, पाइन, स्प्रूस या सगळ्यांच्या खोडात चिकाच्या बारीक नळ्या असतात. साल फुटली, किड्यानं पोखरलं, की त्या नळ्यांतून चीक जखमेकडे धावतो. त्यात उडून जाणारा भाग असतो, तेच आपलं टर्पेंटाईन. तो हवेत विरतो, जाता जाता बुरशी आणि किड्यांना पळवतो. मागे उरते ती घट्ट राळ जखमेवर झाकण बसवते. झाड स्वतःची मलमपट्टी स्वतः करतं! आणि माणसानं कधीतरी, लिहिण्यावाचण्याच्या कितीतरी आधी, आपल्या कापलेल्या बोटावर तोच चीक लावून पाहिला.

आजींनी कमरेच्या पिशवीतून एक बोथट सुरी काढली. जखमेच्या मध्यभागाला त्यांनी हात लावला नाही. कडेनं ओघळून खाली सुकलेले खडे तेवढे खरवडले. "ते झाडाचं आहे, हे सांडलेलं आहे," एवढंच म्हणाल्या. व्यापारासाठी काढतात ती पद्धत वेगळी: साल तासायची, मध्ये उभा चर, त्याला दोन्हीकडून तिरपे चर, खाली पेला. आपल्याकडे भंडारी माडाची पोय कापून मडकं लावतो तोच विचार. पण माड रोज पहाटे मडकं भरून देतो. इथे उन्हाळ्याचे मोजके महिने आणि थेंब थेंब.

फरच्या झाडाची तऱ्हा आणखी निराळी. त्याची साल गुळगुळीत, राखाडी, आणि तिच्यावर चक्क फोड! तांदळाच्या दाण्यापासून वालाच्या दाण्यापर्यंत. मी नखानं एक फोड फोडला. आतून एक थेंब आला, स्वच्छ काचेसारखा, इतका नितळ की त्यातून बोटावरच्या रेषा मोठ्या दिसल्या. गोळा करणारी माणसं टोकदार चोचीचं पत्र्याचं भांडं घेऊन एकेक फोड टोचत फिरतात. याच थेंबापासून शुद्ध केलेला बाल्सम भिंगं एकमेकांना चिकटवायला वापरत असत, कारण प्रकाश त्यातून जवळजवळ काचेतून जावा तसाच जातो. दुर्बिणीच्या भिंगाला जोडणारा आणि शिकाऱ्याची जखम बांधणारा हा एकच चीक! मी तो थेंब बराच वेळ उन्हात धरून पाहत राहिले.

इओगाचचं नाव रशियात एका स्वप्नासाठी प्रसिद्ध आहे. १९६० साली लेनिनग्राडच्या वनविद्या अकादमीतून बाहेर पडलेली काही तरुण मुलं या भागात आली आणि त्यांनी 'केद्रग्राद', म्हणजे केद्रांचं नगर, वसवायला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: केद्र तोडून त्याच्या फळ्या आणि पेन्सिली करण्यापेक्षा तो उभा ठेवा. त्याच्या बिया घ्या, तेल घ्या, चीक घ्या, जंगलातला मध घ्या, शेकडो वर्षं घेत राहा. व्लादिमीर चिविलिखिन या लेखकानं त्यांच्यावर लिहिलं आणि देशभर त्यांचं नाव झालं. पुढे लाकडाच्या मागणीपुढे ते स्वप्न पुरतं टिकलं नाही. आज गावातल्या वयस्क माणसांच्या बोलण्यात ते अजून येतं, एखाद्या हरवलेल्या भावाबद्दल बोलावं तसं. माझं मत विचाराल तर ती मुलं बरोबर होती. ज्या झाडाला बी धरायला पन्नास वर्षं लागतात त्याचं लाकूड विकणं म्हणजे घराचं जोतं विकून खाणं.

संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरात. बाहेर थंडी, आत चुलीची ऊब, टेबलावर मीठ घातलेला दुधाचा चहा आणि त्यात भाजलेल्या सातूचं पीठ! तल्कान म्हणतात त्याला. खमंग, जाडसर, ओळखीची चव. सोबत तोक-चोक: भाजलेलं धान्य आणि केद्राच्या बिया कुटून मधात वळलेला गोड खाऊ. एका कोपऱ्यात दोघी जणी रवीसारख्या दातांच्या लाकडी रुळाखाली शंकू भरडत होत्या. मग चाळणं, मग वाऱ्यावर धरून कोंडा उडवणं. खळ्यावरची उफणणी पाहिलेल्या कुणालाही ते हात लगेच ओळखू आले असते. बियांतल्या गरात निम्म्याहून जास्त तेलच असतं. ते गरम न करता लाकडी दाबयंत्रात पिळून काढतात. आपल्या लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल आता पुण्या-मुंबईत जे बोललं जातं, नेमकं तेच आजी बोलत होत्या: लोखंड तापतं, तेलाची चव जाते, गुण जातो. या तेलात पिनोलेनिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल असतं, ते सूचिपर्णी झाडांच्या बियांखेरीज इतर खाद्यतेलांत जवळजवळ सापडत नाही.

आता मुख्य काम. आजींनी राळेचे खडे जुन्या तागाच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली. काचेच्या बरणीत तेल ओतलं. पुरचुंडी दोरीनं बरणीच्या तोंडाला अशी टांगली की ती तेलात बुडाली, पण तळाला टेकली नाही. मग बरणी पाण्याच्या पातेल्यात, आणि पातेलं चुलीच्या कडेला, जिथे आच मंद. पाणी उकळता कामा नये. उकळलं तर वासाचा भाग उडून जातो आणि औषध मुकं होतं, असं त्या म्हणाल्या. दर थोड्या वेळानं त्या बोट बुडवून पाहत. बोट सोसतंय तोवर ठीक.

मी बरणीकडे डोळे लावून बसते. आधी काहीच नाही. मग फडक्याच्या तळाशी एक फुगवटा जमतो, गडद, चमकदार. तो लांबतो. आणि गुळाच्या पाकाची तार सुटावी तशी एक अंबरी तार तेलात खाली उतरायला लागते, मागोमाग दुसरी, तिसरी. चुलीच्या उजेडात त्या तारा हलतात, वळतात, तळाशी वेटोळी घालतात, आणि हळूहळू सगळ्या तेलाचा रंग सोन्यावरून तांब्याकडे जातो. खोलीत वास भरतो. चुलीपाशी झोपलेलं मांजरसुद्धा डोकं वर करतं! फडक्यात मागे उरतात सालीचे तुकडे, दोन सुया आणि एक मुंगी.

चीक त्या झाडाचा, आणि त्याला वाहून नेणारं तेलही त्याच झाडाच्या बीचं. मला ही गोष्ट अजून नवलाची वाटते. जगभर माणसांनी राळ कशात ना कशात मिसळली: फिनलंडच्या उत्तरेला लोण्यात, कुठे मेणात, कुठे प्राण्यांच्या चरबीत. इथे झाडानंच दोन्ही दिलं.

हे कशासाठी वापरतात, मी विचारलं. आजींनी आधी आपले हात दाखवले. आयुष्यभर गाई पिळलेले, उणे तीसमध्ये लाकडं फोडलेले हात. पण एक भेग नाही. भेगांना, खरचटल्याला, गळवाला, हिवाळ्यात फुटणाऱ्या ओठांना, दुखऱ्या गुडघ्याला चोळायला. पातळ हवं असेल तर शंभर भागांत पाच भाग राळ, जखमेला दहा, आणि सांध्यांना वीस. लार्चची राळ पाण्यात उकळून, वळून, काळसर-लाल चघळायच्या वड्या करतात, त्या हिरड्यांसाठी. बाजारात बायका त्या बोरांसारख्या वाटे लावून विकत होत्या आणि विकता विकता स्वतःही चघळत होत्या.

बाजार म्हणजे डोळ्यांना मेजवानी होती. केद्रतेलाच्या बाटल्या, फिकट ते गडद अशा ओळीनं मांडलेल्या. शेजारी सी-बकथॉर्नचं तेल, भडक केशरी. मधाच्या बरण्या, वाळलेल्या मुळ्या, हरणाची शिंगं, आणि काळ्या डांबरासारखे शिलाजिताचे गोळे! होय, आपलंच शिलाजित. इथे त्याला मुमियो म्हणतात. पण त्याच बाटल्यांवर पोटाच्या अल्सरपासून कर्करोगापर्यंत सगळे रोग छापलेले पाहिले आणि मनाला खटकलं. काही जण या तेलाचे थेंब उपाशीपोटी घेतातही. मी घेतले नाहीत, आणि कुणाला घ्यायला सांगणारही नाही. राळेची अॅलर्जी ही त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीची गोष्ट आहे. त्यांच्या तपासणीच्या पट्ट्यांत राळ असतेच. आजींनाही ते ठाऊक होतं. माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक ठिपका लावला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बाकी कुठे लावू दिलं नाही.

जखमेबाबत मात्र त्यांचा विश्वास नुसता भाबडा नाही. फिनलंडच्या डॉक्टरांनी लॅपलंडमधलं स्प्रूसच्या राळेचं मलम नीट तपासलं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या शय्याव्रणांवर, अनेक दवाखान्यांत, तुलनेचा गट ठेवून. २००८ साली ते ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत छापून आलं: शेवटपर्यंत उपचार घेतलेल्यांपैकी राळेच्या गटात १३ पैकी १२ जणांची जखम सहा महिन्यांत पूर्ण भरली, दुसऱ्या गटात ९ पैकी ४ जणांची. माणसं थोडी आहेत, पण ज्यांनी घरच्या माणसाचा शय्याव्रण धुतलाय त्यांना हे आकडे लहान वाटणार नाहीत.

रशियात तर याच वाटेवरचं एक औषध सगळ्या देशाला पाठ आहे. अलेक्सांद्र विश्नेव्स्की या शल्यविशारदानं १९२७ साली केलेलं मलम: बर्चच्या सालीचं काळं डांबर, झेरोफॉर्म नावाची जंतुनाशक पूड, आणि बाकी जवळजवळ सगळं एरंडेल! बर्च काही सूचिपर्णी नव्हे, पण झाडाचा अर्क वनस्पतीच्या तेलात घालून जखमेवर, ही कल्पना तीच. दुसऱ्या महायुद्धात किती सैनिकांच्या जखमांवर ते बांधलं गेलं त्याला गणती नाही. वास असा की एकदा हुंगला की विसरत नाही. एरंडाचं पीक जगात सर्वांत जास्त आपल्या देशात होतं, हे मी सांगितल्यावर आजींनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. मी भरवशाच्या मुलखातून आलेली ठरले होते.

हिंदुस्थानचं नाव इथे तसंही ओळखीचं. याच अल्तायमध्ये, दक्षिणेकडच्या उइमोनच्या खोऱ्यात, १९२६ साली चित्रकार निकोलाय रोएरिच राहिले होते, वाख्रमेय नावाच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या माणसाकडे. या वाख्रमेयला डोंगरातली औषधी झाडं माहीत होती आणि रोएरिचनी ते कौतुकानं लिहून ठेवलं. पुढे रोएरिच कुलूच्या खोऱ्यात येऊन राहिले आणि तिथेच वारले. पण आजींना रोएरिचशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"तुमच्याकडे पायाला भेगा पडल्या की काय लावता?"

आणि मी राळेचं मलम सांगायला लागले. आमच्या आजीनं दर वैशाखात केलेलं. भाताच्या शेतात भाजावळ करून, उन्हात अनवाणी फिरून टाचा अशा फुटायच्या की त्यात रुपया राहील. तेव्हा तिळाचं तेल तापवायचं, त्यात राळेची पूड घालायची, विरघळली की गाळायची, आणि ते गरम गरम परातीतल्या गार पाण्यात ओतायचं. मग तळहातानं फेटायचं. पाणी बदलायचं, पुन्हा फेटायचं. शंभर पाण्यांनी धुवायचं. आपल्याकडे मूळची राळ सालवृक्षाची. बाजारात पुष्कळदा हिमालयातल्या चिरपाइनचीच मिळते. दशावतारात राक्षस आला की मशालीवर जी भस्सकन उडवतात तीही राळच. ते ऐकून दुभाषी मुलगी इतकी खूश झाली की तिनं ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हातवारे करून.

आजी उठल्याच. "दाखव."

तिळाचं तेल घरात नव्हतं. पण बरणीत केद्राचं होतं, त्यात त्यांनी आणखी मूठभर राळ विरघळवली. आम्ही घालतो ते चिमूटभर मोरचूद मी वगळलं. एनॅमलची मोठी थाळी आली, बिया नदीचं पाणी आलं, हाडं गोठवणारं. मी गाळलेलं तेल त्यात ओतलं. ते जागच्या जागी आखडलं, तपकिरी गोळा होऊन पाण्यावर बसलं. आजींनी बाह्या सरसावल्या आणि तळहात फिरवायला सुरुवात केली.

पहिल्या पाण्याला काही नाही. दुसऱ्याला रंग मधासारखा. हळूहळू तो फिकट होत जातो, ताकावर लोणी यावं तसा गोळा मऊ होतो, फुगतो, त्यात पाणी शिरतं. आजी प्रत्येक पाणी बाहेर ओतताना मोठ्यानं आकडा म्हणतात. शेजारच्या घरातली बाई डोकावते, थांबते, बसते, तीही बाह्या सरसावते. दोघी आळीपाळीनं. तांब्याचा रंग गेला, हस्तिदंताचा आला, आणि मग अचानक थाळीत पांढरं, हलकं मलम होतं! केद्राचा वास तोच, रूप मात्र आमच्या माजघरातल्या चिनीमातीच्या बरणीतलं.

"शंभर म्हणजे खरोखर शंभर?" आजींनी मध्येच विचारलं होतं. आमची आजी मोजायची, मी म्हणाले. मग त्यांनीही मोजायचं ठरवलं, आणि मध्ये जेवण झालं तरी आकडा सोडला नाही.

शेवटी त्यांनी थोडं टाचेला लावून पाहिलं, बोटांच्या पेरांना लावलं, वास घेतला, मान हलवली. पातळ तेल कपड्यांना लागतं, हे जागेवर राहतं, हा गुण त्यांना फार आवडला. मग एक शंका काढली. जानेवारीत इथे उणे तीसपर्यंत पारा उतरतो. यात पाणी शिरलंय, तर ते गोठून फुटेल का?

आमच्या संगमेश्वरात हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग मी अर्धं घरात ठेवते आणि अर्धं गोठ्यात," असं म्हणून त्यांनी लगेच दोन बरण्या शोधायला घेतल्या.